कचरा, कागद आणि संग्रहालय : न्यूयॉर्कमधील चिनी स्थलांतरितांच्या इतिहासमांडणीची चिकित्सा

सारांश : न्यूयॉर्क शहरातील ‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’ हे संग्रहालय १९८० मध्ये सुरू झालेल्या एका वस्ती-इतिहास प्रकल्पातून उभे राहिले. लाँड्री कामगार आणि त्यांचे शेजारी यांनी मागे टाकलेल्या वस्तू हा त्याचा मूळ संग्रह होय. पुढे संस्थेचा विस्तार झाला आणि ‘अमेरिकेच्या जडणघडणीतील चिन्यांचा वाटा’ हे तिचे मुख्य कथनसूत्र बनले. या योगदान-कथनात १८८२ च्या प्रवेशबंदी कायद्याने केलेली श्रमिक आणि प्रतिष्ठित अशी वर्गवारी नकळत पुन्हा उमटते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : संग्रहालय, स्थलांतर, चिनी प्रवेशबंदी कायदा, लाँड्री, कागदी पुत्र, योगदान-कथन.

१. प्रास्ताविक

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तूंचे कोठार, ही समजूत आता अभ्यासकांत उरलेली नाही. कोणती वस्तू दालनात यावी, कोणती तळघरात राहावी, वस्तूशेजारच्या फलकावर किती आणि काय लिहावे, प्रेक्षकाने कोणत्या दाराने आत येऊन कोणत्या दाराने बाहेर पडावे, या सर्व निर्णयांतून संग्रहालय एक कथन रचत असते. त्यामुळे एखाद्या कादंबरीची किंवा चरित्राची चिकित्सा ज्या निकषांवर करता येते, त्यांपैकी बरेचसे निकष संग्रहालयालाही लावता येतात. निवेदक कोण आहे, नायक कोण आहे, कथनात कोणाला नाव आहे आणि कोण केवळ समूह म्हणून येतो, हे प्रश्न तेथेही तितकेच समर्पक ठरतात.

प्रस्तुत लेखिकेने २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’ या संग्रहालयास भेट दिली. त्या भेटीतील निरीक्षणे आणि त्यानंतरच्या काळात या संस्थेसंबंधी घडलेल्या घटना यांच्या आधारे ही चिकित्सा केली आहे. लेखाचे स्वरूप संग्रहालयाचा परिचय करून देणे एवढेच नाही. ज्या समाजाला दीर्घकाळ कायद्याने देशाबाहेर ठेवले गेले, त्याचा इतिहास त्याच देशातील संग्रहालयात मांडताना कोणत्या अडचणी येतात आणि त्या अडचणींतून ही संस्था कोणता मार्ग काढते, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

२. संस्थेची जडणघडण : नामांतराचा अर्थ

या संग्रहालयाचा प्रारंभ १९८० मध्ये ‘न्यूयॉर्क चायनाटाऊन हिस्टरी प्रोजेक्ट’ या नावाने झाला. इतिहासकार जॉन कुओ वेई चेन आणि वस्तीत काम करणारे कार्यकर्ते चार्ल्स लाय हे त्याचे संस्थापक. त्या सुमारास चायनाटाऊनमधील जुन्या पिढीतील एकाकी पुरुष एकामागून एक निवर्तत होते, लाँड्रीची दुकाने बंद होत होती आणि त्यांतील पाट्या, इस्त्र्या, पत्रे, हिशेबाच्या वह्या रस्त्यावरच्या कचऱ्यात जात होत्या. या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वस्तू कचऱ्यातून उचलून आणल्या आणि वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी प्रकल्पाने लाँड्री कामगारांच्या जीवनावर एक प्रदर्शन सिद्ध केले. त्याचे शीर्षक होते ‘एट पाउंड लाइव्हलीहुड’, म्हणजे आठ पौंडांची उपजीविका. आठ पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन किलो, हे इस्त्रीचे वजन होते.

पुढे संस्थेचे नाव बदलत गेले. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती ‘चायनाटाऊन हिस्टरी म्युझियम’ झाली, १९९५ मध्ये ‘म्युझियम ऑफ चायनीज इन दि अमेरिकाज’ आणि कालांतराने ‘म्युझियम ऑफ चायनीज इन अमेरिका’. प्रथम नावात एक वस्ती होती, मग दोन्ही अमेरिका खंड आले आणि अखेरीस एक राष्ट्र आले. या क्रमात संस्थेची बदलती भूमिका स्पष्ट दिसते. वस्तीच्या इतिहासात रहिवासी हाच साक्षीदार आणि तोच श्रोता असतो. राष्ट्राच्या इतिहासात मात्र श्रोता बदलतो. तेथे समाजाला आपली ओळख बाहेरच्यांना पटवून द्यावी लागते.

हा बदल संस्थापकांच्या मूळ भूमिकेशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. चेन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात ‘संवादी संग्रहालय’ ही संकल्पना मांडली. तज्ज्ञाने इतिहास लिहावा आणि लोकांनी तो पाहावा, ही एकतर्फी पद्धत बाजूला सारून रहिवासी, अभ्यासक आणि बाहेरचे प्रेक्षक यांच्या परस्परसंवादातून प्रदर्शन घडावे, अशी ती भूमिका होती. आपल्या विद्यापीठांतून मौखिक इतिहासाविषयी आज जी चर्चा होते, तिच्या दृष्टीनेही हा प्रयोग महत्त्वाचा आहे. संस्था मोठी झाल्यावर हा संवाद कितपत टिकला, हा प्रश्न पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

३. दालनांची रचना आणि योगदान-कथन

२००९ मध्ये संग्रहालय सेंटर स्ट्रीटवरील २१५ क्रमांकाच्या इमारतीत आले. या जागेची रचना माया लिन यांनी केली. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकामुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. चिनी स्थलांतरित आईवडिलांची ही कन्या ओहायो राज्यात जन्मली व वाढली. पूर्वी यंत्रदुरुस्तीचे काम चालणाऱ्या या इमारतीच्या मध्यभागी लिन यांनी एक चौक ठेवला आहे. त्याच्या विटांच्या भिंती गिलावा न करता उघड्याच राहू दिल्या आहेत आणि वरून प्रकाश आत येतो. चौकाभोवती दालने आहेत. चौसोपी वाड्यात वावरलेल्या मराठी माणसाला ही रचना परकी वाटत नाही. दालनांतील चकचकीत फलक वाचून चौकाकडे वळावे, तर समोर जुनी, ओबडधोबड भिंत दिसते. कथन कितीही नेटके असले तरी त्याखालचा थर खरबरीत आहे, याची जाणीव ही वास्तू करून देते. माझ्या मते या संग्रहालयातील सर्वांत प्रामाणिक विधान या भिंतीने केले आहे.

या जागेत उभारलेल्या मुख्य प्रदर्शनाला ‘विथ अ सिंगल स्टेप : स्टोरीज इन द मेकिंग ऑफ अमेरिका’ असे नाव देण्यात आले. शीर्षकाचा पूर्वार्ध प्राचीन चिनी वचनाची आठवण करून देतो, तर उत्तरार्ध अमेरिकेच्या घडणीकडे बोट दाखवतो. आरंभीचा व्यापार, खाणी व रेल्वे, प्रवेशबंदीचे पर्व, लाँड्री आणि उपाहारगृहे, चित्रपटांतील विकृत प्रतिमा, दुसरे महायुद्ध, १९६५ नंतरचे नवे स्थलांतर अशा क्रमाने प्रेक्षक पुढे सरकतो. वाटेत निरनिराळ्या क्षेत्रांत कीर्ती मिळवलेल्या चिनी अमेरिकी व्यक्तींची ओळख होते. दुःखाकडून मान्यतेकडे जाणारी ही कथनरेषा आहे.

या रेषेची गरज का भासली, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतील पहिला आंतरखंडीय लोहमार्ग १० मे १८६९ रोजी युटा प्रदेशात पूर्ण झाला. पश्चिमेकडून येणाऱ्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीच्या कामगारांत बहुसंख्य चिनी होते. त्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून बोगदे त्यांनी खणले. दोन्ही बाजूंची इंजिने समोरासमोर उभी असलेल्या त्या दिवसाच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात मात्र चिनी कामगार दिसत नाहीत. अशा पुसल्या गेलेल्या समाजाने ‘आम्हीही होतो, आम्हीही हा देश घडवला’ असे म्हणणे स्वाभाविक आहे, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे.

तरीही योगदान-कथनात एक गर्भित अट असते. ‘आम्ही घडवले म्हणून आम्हाला येथे राहण्याचा हक्क आहे’ असे म्हटले की, ज्याने लक्षणीय असे काही घडवले नाही त्याच्या हक्काचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चिनी प्रवेशबंदी कायद्याकडे पाहिले असता या प्रश्नाचे गांभीर्य अधिक ध्यानात येते. १८८२ च्या या कायद्याने सर्वच चिन्यांना बंदी केलेली नव्हती. बंदी होती ती श्रमिकांना, मग ते कुशल असोत वा अकुशल. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, प्रवासी आणि राजनैतिक अधिकारी यांना सवलत होती. सवलतीच्या वर्गातील असो वा श्रमिक असो, नागरिकत्व मात्र कोणत्याही चिनी स्थलांतरिताला घेता येत नव्हते. दहा वर्षांसाठी म्हणून आलेली ही बंदी १८९२ मध्ये वाढवण्यात आली, १९०४ मध्ये बेमुदत झाली आणि १९४३ मध्ये उठली. ती उठल्यावरही वर्षाला केवळ १०५ जणांचा कोटा ठेवण्यात आला.

म्हणजे वंशभेदाच्या आत वर्गभेदही होता. आता संग्रहालयातील मांडणी पाहावी. वास्तुविशारद, वैज्ञानिक, अभिनेत्री, उद्योजक, लोकप्रतिनिधी हे नावाने आणि चेहऱ्याने येतात. लाँड्री कामगार, स्वयंपाकी, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया या प्रामुख्याने समूह म्हणून, वस्तूंच्या रूपाने येतात. संग्रहालयाचा हेतू कायद्याच्या नेमका उलट आहे, याविषयी शंका नाही. परंतु सवलतीस पात्र आणि अपात्र अशी जी विभागणी कायद्याने केली, तिचीच छाया नामवंत आणि अनामिक या विभागणीत पडलेली दिसते. योगदान-कथन स्वीकारणाऱ्या प्रत्येक संग्रहालयापुढे हा धोका असतो. या संस्थेच्या बाबतीत तो अधिक खटकतो, कारण तिचा जन्मच अनामिकांच्या वस्तूंतून झालेला आहे.

४. इस्त्रीचे वजन

लाँड्रीशी संबंधित वस्तूंपाशी आल्यावर प्रेक्षकाची गती मंदावते. येथे संग्रहालय आपल्या मूळ स्वभावाकडे परत जाते. कपडे धुणे हा चिनी पुरुषांचा परंपरागत व्यवसाय नव्हता. खाणींतून आणि अन्य उद्योगांतून हुसकावले गेल्यावर ज्या थोड्या वाटा उरल्या, त्यांपैकी ही एक होती. त्याला भांडवल अल्प लागे, इंग्रजी फारशी यावी लागत नसे आणि स्थानिक गोऱ्या पुरुषांना ते काम कमीपणाचे वाटत असल्याने स्पर्धा कमी होती. दुकानाच्या पुढच्या भागात इस्त्री आणि गल्ला, मागच्या भागात झोपण्याची जागा, अशी बहुतेकांच्या आयुष्याची चौकट होती.

या आयुष्याला कुटुंब नव्हते, ही गोष्टही कायद्याचीच निष्पत्ती होती. १८७५ च्या पेज कायद्यामुळे चिनी स्त्रियांचा प्रवेश जवळपास बंद झाला होता. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतील चिन्यांची संख्या सुमारे १ लाख ७ हजार होती आणि एका स्त्रीमागे सुमारे २७ पुरुष असे प्रमाण होते. १९२० पर्यंत एकूण संख्या सुमारे ६२ हजारांवर घसरली. लाँड्रीतील एकाकीपणाला स्वभावाचे किंवा संस्कृतीचे लक्षण मानण्याची चूक समकालीनांनी केली. प्रत्यक्षात त्यामागे विधिमंडळाचे निर्णय होते.

लाँड्रीवाल्याच्या मुलाने लिहिलेला या विषयावरचा अभ्यास उपलब्ध आहे, ही भाग्याची गोष्ट होय. पॉल सिउ यांनी शिकागो विद्यापीठात १९५३ मध्ये सादर केलेला चिनी लाँड्रीवाल्यांवरील प्रबंध तीन दशकांहून अधिक काळ अप्रकाशित राहिला. तो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे संपादन चेन यांनीच केले. ज्या वर्षांत कचऱ्यातून पाट्या उचलल्या जात होत्या, त्याच वर्षांत विसरला गेलेला प्रबंधही वर काढला जात होता. हे संग्रहालय आणि हे संपादन एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत.

वस्तू प्रभावी असली तरी ती सर्व काही सांगू शकत नाही. इस्त्रीचे वजन पाहताच कळते. त्या इस्त्रीमागच्या माणसाने उभारलेली संघटना मात्र वस्तूत दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने लाकडी इमारतीत लाँड्री चालवण्यास परवान्याची अट घातली आणि जवळपास दोनशे चिनी अर्जदारांना परवाने नाकारले, तर इतरांना जवळजवळ सरसकट दिले. त्याविरुद्ध चिनी लाँड्रीवाले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८८६ मध्ये यिक वो खटल्यात जिंकले. कायद्याची भाषा समान असली तरी अंमलबजावणी पक्षपाती असेल तर ती घटनाबाह्य ठरते, हे तत्त्व त्या निर्णयाने प्रस्थापित केले. न्यूयॉर्कमध्ये १९३३ साली नगरपालिकेने एकट्याने लाँड्री चालवणाऱ्यांवर २५ डॉलर शुल्क आणि १,००० डॉलरचे हमीपत्र लादण्याचा घाट घातला. तेव्हा कामगारांनी ‘चायनीज हँड लाँड्री अलायन्स’ स्थापन केली आणि या रकमा अनुक्रमे १० आणि १०० डॉलरवर आणल्या. वस्तीतील श्रीमंत व्यापाऱ्यांच्या वर्चस्वाखालील जुन्या संस्थेला बाजूला सारून केलेली ही संघटना होती, हे विशेष लक्षात घ्यावे लागते.

हा इतिहास केवळ सोशिकतेचा नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते. जून १९८२ मध्ये याच वस्तीतील सुमारे २० हजार शिलाई कामगार, बहुतांशी स्त्रिया, कोलंबस पार्कमध्ये एकत्र आल्या आणि त्यांनी आपला करार मालकांकडून मान्य करून घेतला. इस्त्री पाहून सहानुभूती वाटते, संघटना समजली तर आदर वाटतो. संग्रहालयाने सहानुभूतीकडून आदराकडे जाणारी वाट अधिक रुंद करावयास हवी होती, असे मला वाटते.

५. खोटे कागद आणि खरी माणसे

प्रवेशबंदीच्या पर्वाने इतिहासलेखकापुढे एक असाधारण समस्या ठेवली आहे. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोमधील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यानंतर अनेक चिनी पुरुषांनी आपण अमेरिकेत जन्मल्याचा दावा केला. नागरिकाच्या अपत्यास प्रवेशाचा हक्क असल्याने, चीनमध्ये आपल्याला अमुक मुलगे झाल्याचे ते नोंदवत आणि त्या नोंदीवर दुसऱ्याचा मुलगा येऊ शके. अशा तरुणांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल आयलंड या बेटावर १९१० ते १९४० या काळात त्यांची चौकशी होई. घराला किती पायऱ्या, विहीर कोणत्या दिशेला, शेजाऱ्याला किती मुले, असे प्रश्न विचारले जात आणि उत्तरे नातलगांच्या उत्तरांशी ताडून पाहिली जात. तरुण येताना उत्तरांची टिपणे पाठ करून येत आणि ती वाटेतच नष्ट करत.

परिणामी, त्यांच्याविषयीचा सर्वांत तपशीलवार लेखी पुरावा त्यांना अडवणाऱ्या शासनानेच जमा केला. चौकशीच्या धारिका, छायाचित्रे, नकाशे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आणि त्यांतील कौटुंबिक माहितीचा मोठा भाग रचलेला आहे. याउलट खरी माहिती घरात होती, पण ती बोलून दाखवणे धोक्याचे होते. १९५६ मध्ये शासनाने कबुलीजबाबाची योजना आणली. तेरा हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली, पण एकाच्या कबुलीने अनेक नातलग उघडे पडत. त्यामुळे अनेक घरांत मौन हाच वारसा ठरला. कागदपत्र विश्वसनीय आणि आठवण अविश्वसनीय, हा आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो तो साधा नियम येथे उलटा होतो. १९८० मधील प्रकल्पाने मुलाखतींवर एवढा भर का दिला, याचे उत्तर या परिस्थितीत आहे.

एंजल आयलंडवरील बंदिवानांनी भिंतींवर कोरलेल्या कविता १९७० मध्ये एका उद्यानरक्षकाच्या नजरेस पडल्या, तेव्हा ती इमारत पाडण्याचे घाटत होते. कचऱ्यात गेलेल्या पाट्या आणि पाडल्या जाणाऱ्या भिंती या दोन्ही उदाहरणांत हा इतिहास विनाशाच्या कडेवरून परत आणलेला दिसतो.

या पार्श्वभूमीवर संग्रहालयाच्या प्रवेशभागातील भिंतीकडे पाहावे. तेथे देणगीदार कुटुंबांची नावे, त्यांचे चीनमधील मूळ गाव आणि अमेरिकेतील वास्तव्याचे ठिकाण यांची नोंद असलेल्या धातूच्या पट्ट्या बसवल्या आहेत. ही भिंत देखणी आहे. पण आतल्या दालनांतील माहिती वाचून परतताना मनात प्रश्न येतो की, यांतील कोणते आडनाव जन्माचे आणि कोणते कागदावरचे? तीन पिढ्या कागदावरचे नाव वापरल्यावर तेच खरे होत नाही काय? भिंत नाव कोरते आणि दालन नावावरचा विश्वास डळमळीत करते. हा ताण संग्रहालयाने जाणीवपूर्वक निर्माण केला आहे की नाही, हे सांगता येत नाही. पण तेथील सर्वांत विचारप्रवर्तक अनुभव हाच आहे.

६. आग, तुरुंग आणि वस्ती

मुख्य संग्रहालय सेंटर स्ट्रीटवर गेले तरी बहुतांश अभिलेखसंग्रह मलबरी स्ट्रीटवरील ७० क्रमांकाच्या जुन्या शाळेच्या इमारतीत राहिला होता. २३ जानेवारी २०२० रोजी, चिनी नववर्षाला दोन दिवस उरले असताना, त्या इमारतीला आग लागली. सुमारे ८५ हजार वस्तू तेथे होत्या आणि प्रारंभी सर्व काही गेले असेच वाटले होते. पुढे पाण्याने भिजलेल्या पेट्या बाहेर काढता आल्या आणि संग्रहाचा बहुतांश भाग वाचला. एकदा कचऱ्यातून उचललेल्या वस्तू दुसऱ्यांदा राखेतून उचलाव्या लागल्या.

त्याच काळात दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये शहराच्या परिषदेने रायकर्स बेटावरील कारागृह बंद करून चार ठिकाणी नवी कारागृहे बांधण्याची योजना संमत केली. त्यांपैकी एक चायनाटाऊनमध्ये होते. वस्तीला द्यावयाच्या लाभांच्या यादीत संग्रहालयाच्या कायमस्वरूपी जागेसाठी साडेतीन कोटी डॉलरची तरतूद होती. संग्रहालयाने वस्तीच्या विरोधाच्या मोबदल्यात पैसे स्वीकारले, असा आरोप अनेकांनी केला. आपण कारागृहाला पाठिंबा दिला नसल्याचे संस्थेने सांगितले. २०२१ मध्ये ‘गॉडझिला’ या आशियाई अमेरिकी कलावंतांच्या गटातील अनेकांनी नियोजित प्रदर्शनातून माघार घेतली आणि संग्रहालयाच्या दारासमोर निदर्शने झाली. निदर्शकांत वस्तीतील उपाहारगृह कामगारही होते.

या वादात कोणाची बाजू किती बरोबर, याचा निवाडा दूर बसून करणे उचित नाही. कायम जागा नसलेल्या संस्थेची निकड खरी होती. आगीने ती अधिकच अधोरेखित केली. पण चिकित्सेच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. १९३३ मध्ये संघटित झालेल्या लाँड्री कामगारांच्या वस्तू आत जतन होत असताना, २०२१ मधील कामगार बाहेर घोषणा देत होते. ‘संवादी संग्रहालया’च्या कल्पनेत रहिवासी प्रदर्शनाचे सहकर्ते होते, येथे ते प्रतिपक्ष झाले. वस्तीचे नाव संस्थेच्या पाटीवरून उतरले तेव्हाच या दुराव्याची सुरुवात झाली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र ज्या संस्थेचा श्रोता राष्ट्र आहे आणि शेजार वस्ती आहे, तिला हे दोन्ही ऐकणे कठीण जाते, एवढे निश्चित म्हणता येते.

७. आपल्यासाठी या प्रश्नाचे महत्त्व

आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा चिनी प्रवेशबंदी कायदा होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. तो कायदा त्यांना लागू नव्हता. पुढे मात्र त्या कायद्याचे तत्त्व भारतीयांपर्यंत पोचले. १९१७ मध्ये अमेरिकेने आशियाचा मोठा प्रदेश, भारतासह, प्रवेशबंदीच्या कक्षेत आणला आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वास अपात्र ठरवला. १९४६ मध्ये ही बंदी सैल झाली आणि १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटापद्धती संपली. आज अमेरिकेत असलेली बहुसंख्य मराठी कुटुंबे त्या कायद्यानंतर, शिक्षण आणि कौशल्य यांच्या बळावर गेलेली आहेत. म्हणजे सवलतीस पात्र वर्ग या जुन्या कल्पनेचाच लाभ नव्या रूपात आपल्या आप्तेष्टांना मिळाला. योगदान-कथन आपल्याला चटकन पटते, त्याचे एक कारण हेही असावे. लाँड्रीच्या दालनात उभे राहिल्यावर हा सोयीस्कर समज अस्वस्थ होतो आणि तसा तो व्हावयासही हवा.

दुसरा धागा मुंबईतच आहे. अमेरिकेत गेलेले एकोणिसाव्या शतकातील बहुसंख्य चिनी ग्वांगडुंग प्रांतातील चार लगतच्या तालुक्यांतून आले. कँटनी बोलीत या प्रदेशाला ‘सी यप’, म्हणजे चार तालुके, म्हणतात. माझगावमध्ये आज उभे असलेले छोटे चिनी मंदिर १९१९ च्या सुमाराचे असून त्याचे नावही ‘सी यप कून’ आहे. त्याच प्रदेशातील माणसे एका दिशेला न्यूयॉर्कपर्यंत आणि दुसऱ्या दिशेला मुंबईच्या गोदीपर्यंत पोचली. १९६२ च्या युद्धानंतर भारतातील, मुख्यतः आसाम आणि बंगालमधील, सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. भयाने पुष्कळांनी देश सोडला आणि माझगावची वस्तीही विरळ झाली. त्यांच्या पाट्या, पत्रे, हिशेबाच्या वह्या कोणी उचलून ठेवल्या आहेत काय? न्यूयॉर्कमधील संग्रहालयाचे दोष दाखवताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारल्याखेरीज ती चिकित्सा पुरी होत नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. प्रथम, या संग्रहालयाचे सामर्थ्य त्याच्या मूळ संग्रहात, म्हणजे टाकून दिलेल्या वस्तूंत आणि मौखिक साक्षींत आहे. द्वितीय, योगदान-कथनामुळे बाहेरच्या प्रेक्षकाशी संवाद सुकर होत असला तरी त्यात श्रमिक अनामिक राहतो आणि १८८२ च्या कायद्यातील वर्गवारीची छाया मांडणीवर पडते. तृतीय, कागदी पुत्रांचा इतिहास शासकीय दप्तरालाच अंतिम प्रमाण मानण्याच्या सवयीला मर्यादा घालतो. चतुर्थ, संग्रहालयाची विश्वासार्हता दालनांइतकीच त्याच्या शेजाराशी असलेल्या नात्यावर अवलंबून असते.

हे आक्षेप नोंदवूनही या संस्थेविषयीचा आदर कमी होत नाही. १९८० मध्ये दोन माणसांनी रस्त्यावरच्या कचऱ्याकडे थांबून पाहिले नसते, तर चिकित्सा करण्यासारखे काही शिल्लकच राहिले नसते. देशाला त्या माणसांची उपयुक्तता पटवून देण्याआधी, त्यांच्या वस्तू फेकून देण्याजोग्या नाहीत एवढेच त्यांना म्हणावयाचे होते. संग्रहालयाने हे मूळ विधान पुन्हा केंद्रस्थानी आणावे, एवढीच अपेक्षा.